तेल सुटल्यानंतर

दाण्याचा कूट करताना मिक्सर कधी थांबवायचा हे मराठी घरात कुणी मुद्दाम शिकवत नाही. बघून बघून हाताला कळतं. एक झटका, दुसरा झटका, झाकण उघडून चमच्याने कडेचं आत लोटायचं, मग आणखी अर्धा फेरा. साबुदाण्याला जरा जाडसर, कोशिंबिरीला मध्यम, लाडवाला त्याहून बारीक. त्यापुढे मात्र एक रेघ असते आणि ती ओलांडायची नसते. ओलांडली की कूट तळाला धरतो, त्याचे गोळे होतात, बोटांना तुकतुकी लागते. ‘तेल सुटलं’ असं आपण म्हणतो. असा कूट घातलेली खिचडी मोकळी होत नाही, गिच्च होते.

पीनट बटर नेमकं त्या रेघेपाशी सुरू होतं.

जॉर्जियात राहायला आल्यावर पहिल्यांदा घरी पीनट बटर केलं तेव्हा मला हे उमगलं आणि फार आनंद झाला. अमेरिकेतला जवळजवळ निम्मा भुईमूग या एका राज्यात पिकतो. अटलांटाहून दक्षिणेला निघालं की काही तासांत लाल माती लागते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात शेतांमध्ये उपटून उलटे केलेले वेल रांगांनी वाळत पडलेले दिसतात, शेंगा वर, पानं खाली. काम यंत्राने झालेलं असतं, पण रीत तीच. इथली मुख्य जात ‘रनर’, म्हणजे आपल्या पसऱ्या भुईमुगाची भावंडं. आपल्याकडच्या उपट्या वाणांचं नातं ‘स्पॅनिश’ प्रकाराशी आहे; त्याचा दाणा लहान, गोलसर आणि तेलाला जास्त. रस्त्याकडेला मोठ्या हंड्यांत मिठाच्या पाण्यात शेंगा शिजत असतात. ओल्या शेंगांच्या हंगामात गाडी थांबवून कागदी पिशवीतून त्या गरमगरम घेतल्या आणि पहिली शेंग दातांनी फोडून तिच्यातलं खारट पाणी चोखलं, तेव्हा मला या राज्याबद्दल पहिल्यांदा आपलेपणा वाटला. माझ्या सांगलीकडच्या माणसांना या हंड्यांपाशी उभं केलं तर कुणालाही काही समजावून सांगावं लागणार नाही.

पीनट बटर बार हा मात्र आपल्या ओळखीचा पदार्थ नाही. तो इथला, आणि शाळेतला. १९४६ साली अमेरिकेत शालेय भोजनाचा राष्ट्रीय कायदा झाला. शेतमालाचा भाव टिकावा म्हणून सरकार जे खरेदी करायचं त्यातला बराच माल शाळांच्या स्वयंपाकघरात जाई, आणि त्यात पीनट बटर असायचं. शंभर मुलांच्या मापाने लिहिलेल्या सरकारी पाककृती असायच्या. शंभर बिस्किटं एकेक करून थापत बसायला तिथे कुणाला वेळ? मिश्रण मोठ्या ट्रेमध्ये पसरायचं, भाजायचं, चौकोन कापायचे. साठी-सत्तरीतल्या माझ्या अमेरिकन शेजारणींना हा बार म्हटला की शाळेची खाणावळ आठवते. ओट्सचा मऊ थर, वर पीनट बटर, त्यावर चॉकलेट. त्यांच्यातल्या एकीने मला पहिल्यांदा तो करायला शिकवला, तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्याच ट्रेमध्ये.

पीनट बटरचा शोध कार्व्हरने लावला असं आपल्याकडे पुष्कळजण समजतात. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हा अमेरिकन कृषिशास्त्रज्ञ मराठी वाचकाला घरच्यासारखा आहे, त्यामुळे श्रेय त्याला मिळालं तर आपल्याला बरंच वाटतं. पण तो शोध त्याचा नाही. भाजलेल्या दाण्यांची लुसलुशीत पेस्ट करण्याचं पेटंट मॉन्ट्रियलच्या मार्सेलस एडसनला १८८४ सालीच मिळालं होतं. मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात रुग्णांना मांसाशिवाय पौष्टिक काय द्यावं या विचारात असलेल्या डॉ. जॉन हार्वे केलॉगने १८९५मध्ये आपल्या पद्धतीसाठी अर्ज केला; तो दाणे भाजत नसे, शिजवत असे. (भाजण्याचा वास नसलेलं पीनट बटर मला कल्पनेतही खाववत नाही.) कार्व्हरने केलं ते वेगळं आणि माझ्या मते जास्त मोठं होतं. १८९६मध्ये तो अलाबामातल्या टस्कीगीला आला. कापूस घेऊन घेऊन तिथली जमीन निकस झालेली. भुईमूग जमिनीला नत्र परत देतो हे त्याला ठाऊक होतं. पण पिकवलेल्या शेंगांचं करायचं काय, हा शेतकऱ्यांचा प्रश्न होता. त्याचं उत्तर म्हणून १९१६ साली त्याने भुईमूग कसा पिकवावा आणि तो खाण्याच्या १०५ तऱ्हा कोणत्या हे सांगणारी पुस्तिका काढली. सूप, ब्रेड, बिस्किटं, मिठाया. शेतीच्या शास्त्रज्ञाने स्वयंपाकघरापर्यंत चालत यावं, बाईच्या हातात पीक पोचेपर्यंत आपलं काम संपलं असं मानू नये, हे मला फार थोर वाटतं.

त्याच अलाबामात एंटरप्राइज नावाचं गाव आहे. कापसाच्या बोंडात शिरणाऱ्या भुंग्याने तिथलं पीक बुडवलं, शेतकरी भुईमुगाकडे वळले आणि सावरले. त्या गावाने ११ डिसेंबर १९१९ रोजी भर चौकात स्मारक उभारलं, तेही भुंग्याचं. समृद्धीची वर्दी घेऊन आला म्हणून त्याचे आभार मानणारी पाटी त्यावर आहे. गुलाबी बोंडअळीने पोळलेल्या विदर्भातल्या माणसाला ही पाटी वाचून काय वाटेल, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. कीड सगळीकडे येते; तिच्यामागून दुसरं पीक, त्याला गिऱ्हाईक आणि त्याला भाव हे तिन्ही येतातच असं नाही.

आता ट्रेकडे वळते.

बारसाठी पीनट बटर घरी करावं, असं माझं मत आहे. बाजारातलं वाईट असतं म्हणून नव्हे. त्याचीही एक चांगली बाजू आहे, ती पुढे सांगते. घरी करावं ते भाजणं आपल्या हातात राहतं म्हणून. पाव किलो दाणे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर भाजायचे. सालावर तपकिरी ठिपके यायला हवेत आणि दाणा दोन बोटांत दाबला की ‘टक्’ आवाज करून दुभंगायला हवा. खवट, काळपट, सुरकुतलेले दाणे भाजण्याआधीच वेचून टाकायचे. बुरशी धरलेल्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं आणि भाजण्याने ते पुरतं जात नाही. कोमट झाले की फडक्यात धरून चोळायचे आणि फोलपटं पाखडून टाकायची. थोडी ऊब असतानाच मिक्सरला लावायचे, म्हणजे तेल लवकर सुटतं. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, त्यामुळे वरून घालायची सहसा गरज पडत नाही.

पहिल्यांदा कूट होतो. हात सवयीने थांबतो. थांबायचं नाही. मग ओलसर भुसा, मग गोळा. गोळा भांड्याभोवती नुसता गरगरतो आणि आता काही होणार नाही असं वाटतं. इथे दोन मिनिटं मिक्सरला विश्रांती द्यायची, कडा खरवडायच्या आणि पुन्हा लावायचं. अचानक तो गोळा विरघळतो आणि पातं सहज फिरायला लागतं. दाण्याच्या कणांनी धरून ठेवलेलं तेल आता इतकं मोकळं झालेलं असतं की कणच तेलात तरंगू लागतात. अर्धा चमचा मीठ घालायचं. साखर नाही. एक थेंबही पाणी नाही. पाणी लागलं की कण पाणी पिऊन एकमेकांना चिकटतात आणि सगळं घट्ट होतं.

आई सांगलीहून आली होती तेव्हा ओट्याशी उभी राहून हे सगळं बघत होती. म्हणाली, “अगं, तेल सुटलं की मी तुला रागवायची. आणि तू इथे तेल सुटायची वाट बघत उभी!” मग बोटावर घेऊन चाटलं आणि म्हणाली, “भाजलेत छान. पण सगळंच असं गुळगुळीत कशाला? दाताखाली काहीतरी लागू दे.” तिच्या सांगण्यावरून तेव्हापासून मी मूठभर दाणे बाजूला ठेवते आणि त्यांचा आपला नेहमीचा जाडसर कूट करून खालच्या थरात घालते. एकाच बारमध्ये रेघेअलीकडचा दाणा आणि रेघेपलीकडचा दाणा. मूळ कृतीत हे नाही, पण मला आता त्याशिवाय करवत नाही.

खालच्या थराचं माप असं. वीस सेंटीमीटरच्या चौकोनी ट्रेसाठी मऊ झालेलं लोणी ११५ ग्रॅम, साखर ८० ग्रॅम, गुळाची पावडर १०० ग्रॅम. इथल्या कृतीत ब्राउन शुगर असते, म्हणजे मळी मिसळलेली साखर. तिच्यातला ओलावा बारला मऊ ठेवतो आणि गुळाने ते काम छान होतं, शिवाय वास येतो तो आपला. लोणी आणि गोड एकत्र फेसून घ्यायचं, त्यात एक अंडं, मग १३० ग्रॅम पीनट बटर आणि व्हॅनिला. अंडं नको असेल तर तीन मोठे चमचे घट्ट दही. बार थोडा केकसारखा होतो, पण वाईट नाही. १२५ ग्रॅम मैदा, अर्धा चमचा खायचा सोडा, पाव चमचा मीठ, ७० ग्रॅम ओट्स आणि आईचा तो जाडसर कूट मूठभर. ओट्स चपटे, अख्खे घ्यावेत; झटपट शिजणारे पिठूळ होतात. मैदा घातल्यावर फेटायचं नाही, फक्त मिसळून घ्यायचं. मिश्रण थापण्याइतकं घट्ट होतं.

ट्रेमध्ये कागद घालताना तो दोन बाजूंनी वर येईल असा घाला, नंतर सगळी लादी उचलून काढता येते. ओव्हन १७५ अंशांवर आधी तापवून ठेवलेला हवा. अठरा ते वीस मिनिटं. सोड्यामुळे रंग लवकर चढतो, म्हणून पंधरा मिनिटांनंतर लक्ष ठेवायचं. कडा सोनेरी झाल्या आणि मधला भाग अजून किंचित मऊ, दबणारा वाटला की काढायचं. या पायरीवर धीर लागतो, कारण ते कच्चं दिसतं. पण बार ओव्हनमध्ये पुरता होत नाही. तापलेल्या ट्रेमध्ये तो आणखी शिजतो आणि निवताना लोणी व साखर आळून त्याला आकार येतो. मधला भाग घट्ट होईपर्यंत ओव्हनमध्ये ठेवला तर निवल्यावर हातात चुरा येतो.

बाहेर काढल्याबरोबर वर १०० ग्रॅम पीनट बटर चमच्याने ठिकठिकाणी सोडायचं. उष्णतेने ते पातळ होतं आणि हलक्या हाताने पसरतं. ते निवून थोडं आळलं की १७० ग्रॅम गडद चॉकलेट वितळवून त्यावर ओतायचं. दाणे आणि चॉकलेट ही जोडी अमेरिकेत घरोघरी पोचवली ती पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावच्या एच. बी. रीसने, १९२८पासून त्याच्या पीनट बटर भरलेल्या चॉकलेटच्या वाट्या विकल्या जाताहेत. मला मात्र दुधाचं चॉकलेट इथे आवडत नाही. दाण्याला स्वतःचा गोडवा असतो, गूळही आहेच. वरून कडवटपणा हवा. आणि मीठ हवं. चॉकलेट ओलं असतानाच जाड मिठाचे चार खडे चुरून टाकावेत. मीठ कमी पडलेला पीनट बटर बार नुसता गोड आणि जड लागतो, दुसरा तुकडा घ्यावासा वाटत नाही.

बाजारातल्या पीनट बटरच्या चांगल्या बाजूबद्दल सांगायचं राहिलं होतं. घरचं पीनट बटर दोन दिवस ठेवलं की तेल वर येतं आणि खाली दगड बसतो. दुकानदारांचीही तीच अडचण होती. कॅलिफोर्नियातल्या जोसेफ रोझफिल्डने १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर उपाय काढला: तेलाचा थोडा भाग हायड्रोजनेट करायचा, म्हणजे वनस्पती तुपासारखा घट्ट करून घ्यायचा. अशा घट्ट चरबीचे बारीक स्फटिक बाकीचं तेल जागच्या जागी धरून ठेवतात. एक-दोन टक्के चरबी पुरते. बारच्या मधल्या थरासाठी असं पीनट बटर सोपं पडतं, कापताना वाहत नाही. घरचं वापरायचं असेल तर त्यात दोन चमचे लोणी आणि तीन चमचे पिठीसाखर फेटून घ्या, थर व्यवस्थित बसतो.

पण एकदा स्वस्त चरबीने काम भागतं म्हटल्यावर तिचं प्रमाण वाढायला लागलं. १९५९मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने म्हटलं, ज्याला पीनट बटर म्हणायचं त्यात ९५ टक्के दाणे हवेत. उत्पादक म्हणाले, ८७ पुरेत. या फरकासाठी बारा वर्षं गेली. १९६५मध्ये सुरू झालेल्या सुनावणीची नोंदच ७,७३६ पानांची झाली. त्या सुनावणीत वकिलांच्या गर्दीत रूथ डेसमंड नावाची एक गृहिणी ठाण मांडून बसायची. गृहिणींची एक संघटना तिने उभी केली होती. ती साक्षीदारांना प्रश्न विचारायची, बरणीत काय आहे ते आम्हाला कळलं पाहिजे म्हणायची. वर्तमानपत्रांनी तिला ‘पीनट बटर आजी’ असं नाव दिलं. शेवटी नियम झाला ९० टक्क्यांचा, आणि १९७१पासून तो लागू आहे. त्याहून कमी दाणे असतील तर बरणीवर नुसतं पीनट बटर लिहिता येत नाही.

मला या बाईबद्दल मनापासून आदर आहे. तीन टक्के, पाच टक्के, हे फरक स्वयंपाक करणाऱ्या माणसालाच कळतात. तेलात भेसळ, हळदीत भेसळ, खव्यात भेसळ हे आपल्याकडच्या बायका आजही वासावरून, रंगावरून, बोटांना लागणाऱ्या ओशटपणावरून ओळखतात, आणि पुढच्या वेळी दुकान बदलतात. डेसमंडबाई दुकान बदलून थांबल्या नाहीत. बोटांना जे कळलं ते त्यांनी कायद्याच्या कागदावर आणेपर्यंत पिच्छा पुरवला. बरणी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचताना आता मला त्या आठवतात: दाणे, मीठ. एवढीच दोन नावं असली तर ती बरणी घ्यावी.

शाळेत जन्मलेल्या या बारला आता इथल्या पुष्कळ शाळांमध्ये प्रवेश नाही, कारण शेंगदाण्याची ॲलर्जी. कुटाशिवाय ज्यांच्या घरात भाजी होत नाही अशा आपल्या लोकांना सुरुवातीला ही भीती अतिशयोक्त वाटते. ती तशी नाही. ॲलर्जी असलेल्या मुलाचा श्वास एका घासाने अडू शकतो. मंडळाच्या कार्यक्रमाला हे बार नेताना मी डब्यावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावते, ते वेगळ्या टेबलावर ठेवते आणि त्यांच्या सुरीने दुसरं काही कापू देत नाही. हीच काळजी चिवड्याच्या, चटणीच्या आणि कोशिंबिरीच्या बाबतीतही घ्यायला हवी. तिथे दाणे दिसत नाहीत, आणि अमराठी पालकाला ते असतील अशी कल्पनाही नसते.

या बाबतीत विज्ञानानेही एक मोठं वळण घेतलं आहे. २००० साली इथले बालरोगतज्ज्ञ सांगत, ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलाला तीन वर्षांचं होईपर्यंत दाणे देऊ नका. मग संशोधकांच्या लक्षात आलं, की इस्रायलमधल्या ज्यू मुलांपेक्षा ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत ही ॲलर्जी सुमारे दहापट आहे. इस्रायलमध्ये बाळं पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे कुरकुरे खातात. लंडनमध्ये चार ते अकरा महिन्यांच्या ६४० बाळांवर अभ्यास झाला आणि २०१५मध्ये निष्कर्ष आला: लवकर आणि नियमित दाणे खाल्लेल्या धोक्याच्या गटातल्या मुलांत पाचव्या वर्षी ॲलर्जीचं प्रमाण ८१ टक्क्यांनी कमी होतं. २०१७पासून इथली मार्गदर्शक तत्त्वंच उलटली. बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करायची, आणि दाणा अख्खा कधीच द्यायचा नाही, तो घशात अडकतो; पातळ केलेलं पीनट बटर पेजेत कालवून द्यायचं. ज्या पिढीला दाण्यांपासून दूर ठेवलं गेलं ती आज मोठी झाली आहे आणि पिशवीत इंजेक्शन घेऊन फिरते आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

कापण्याबद्दल थोडं. चॉकलेट पूर्ण घट्ट होईपर्यंत ट्रे फ्रिजमध्ये ठेवायचा, मग दहा-पंधरा मिनिटं बाहेर. सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्यायची आणि प्रत्येक काप झाला की पुन्हा पुसायची. नाहीतर चॉकलेटला तडे जातात. तुकडे लहान करा, चार सेंटीमीटरचे पुरे, पंचवीस होतात. हा दाट पदार्थ आहे, मोठा तुकडा जेवणाएवढा होतो. अमेरिकेत याच्यासोबत थंड दूध पितात. मी बिनसाखरेचा कोरा चहा घेते.

घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये कागद घालून, थंडीच्या दिवसांत बाहेर चार दिवस राहतात. पुण्या-सांगलीच्या एप्रिलमध्ये मात्र फ्रिजच हवा. फ्रीझरमध्ये दोन महिने चांगले टिकतात. बाहेर काढल्यावर गुंडाळलेला कागद लगेच सोडू नका. बर्फ झालेल्या बारवर हवेतलं बाष्प धरतं. ते कागदावर धरू द्या, चॉकलेटवर नको. तासाभराने सोडा.